गोजाबाईंची माळ आणि दीक्षाचा बोया

…तर फोन वाजला आणि दीक्षाच्या हातातला पाना हातातच राहिला, इथवर काल आलो होतो. पण काल जे नव्हते, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं.

चिखलीत कुलदीपचं वर्कशॉप आहे. उसाच्या वावरात उभं राहिलेलं पत्र्याचं शेड, आजवर गाड्यांचे सुटे भाग करणारं. तिथं पिंपळे गुरवच्या भीमराजची लेक दीक्षा कामाला. तिनं हट्टानं समुद्रावरचा बोया करायला घेतला. बोया म्हणजे समुद्रात नांगरून ठेवलेला पिवळाधमक तरंगता पिंप. पोटातलं यंत्र लाटा मोजतं, डोक्यावरच्या फिरत्या वाट्या वारा मोजतात. बंदराबाहेर तेलाचं जहाज आलं की त्याला पाण्यातच पाइप जोडतात. लाटा उसळलेल्या असताना जोडला तर पाइप तुटतो आणि तेल समुद्रात. म्हणून आधी बोयाला विचारायचं.

भीमराज पोरीची फिरकी घ्यायचा, समुद्र नाही सापडला तर पवना नदीत सोड म्हणायचा. पण बोया झाला, ट्रकवर चढला आणि समुद्रात सुटलासुद्धा.

आणि आता बंदरावरचे अधिकारी सयाजीराव फोनवर तापले होते. किनाऱ्यावर माड वाकत होते आणि बोया वारा शून्य सांगत होता. लाटा मात्र धोक्याच्या खुणेच्या वर. जहाजाच्या कप्तानाच्या मते लाटा आवाक्यात होत्या.

"एक आकडा खोटा, तर दुसरा खरा कसा मानू?" सयाजीराव म्हणाले. "बोया बाजूला ठेवतो आणि पाइप जोडायला सांगतो."

कुलदीप कानाशी लागला, नेटवर्कचा घोळ आहे म्हणून सांग. दारात बसलेली त्याची आजी गोजाबाई मध्येच म्हणाली, "वाऱ्याचं ऱ्हाऊ दे, पोरी. माजी माळ हाय न्हवं वर?"

खंडेनवमीला लेथपासून कंप्रेसरपर्यंत सगळ्यांना माळ घालणारी ही बाई. बोया सासरी निघाला आणि बोडका कसा धाडायचा? खरा झेंडू सुकतो, म्हणून प्लास्टिकची माळ आणली आणि ट्रकवर चढून थेट बोयाच्या डोक्यावर बांधली. खलाशीही देवभोळे, त्यांनी शुभ म्हणून राहू दिली. दीक्षानं बोया सोडतानाचा फोटो उघडला. वाट्यांना खेटून केशरी माळ झुलत होती.

कुलदीप तोंडावर बोट ठेवून खुणावू लागला. असलं सांगितलं तर पुन्हा कोण काम देणार? दीक्षानं त्याच्याकडे पाठ केली आणि फोनवर सगळं सांगून टाकलं. माळ आमची, चूक आमची, तिच्या दोऱ्यात वाट्या अडकल्यात. पण लाटांचं यंत्र पोटात बंद आहे, तिथं दोरा पोचत नाही. जहाज थांबवा.

पलीकडं सयाजीराव कुणावर तरी ओरडले, "थांबवा रे."

पाइपाकडं निघालेली बोट अर्ध्या वाटेतून परतली, तेव्हा माणसं नखशिखांत भिजलेली होती. लाटा बोटीवरून चालल्या होत्या. मग कप्तानानंही थांबायचं मान्य केलं. समुद्र निवल्यावर जहाज जोडलं, तेलाचा थेंब सांडला नाही. माळ सोडवली तशा वाट्याही भिरभिरू लागल्या. शेडमध्ये पेढे वाटले ते भीमराजनं, आणि कुणी न विचारताच सांगत सुटला, बोया माझ्या लेकीचा.

पुढं सयाजीराव स्वतः चिखलीत आले, आणखी बोयांचं काम घेऊन. सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, फोनवर खरं सांगताना काम जाईल याची भीती नाही वाटली? दीक्षा म्हणाली:

"वाटली ना, साहेब. पण आधी तुमचं जहाज, मग आमची लाज. आता एवढंच करा, पुढच्या बोयाला माळ कुठं बांधायची ते आजींना तुम्हीच सांगा. माझी काही छाती होत नाही."