दामूभाऊचं नाक

आज सकाळपासून आभाळ झाकलेलं आहे. पाऊस नाही, आणि दर्याकडचा वाराही पडलाय. पान हलत नाही. आमच्या कामाला असला दिवस वाईट, वास सुटला तर जागचा हलत नाही! मग आम्ही प्लांटवरची माणसं गेटपाशी बसतो, गॅस मोजणाऱ्या मीटरकडे एक डोळा ठेवतो, आणि किस्से निघतात. इतके साठलेत की गोणी भरेल.

काम काय ते सांगतो. मला शाळा नाही, पण बघून बघून कळलंय. जमिनीतून निघणाऱ्या गॅसमध्ये सडक्या अंड्यासारखा वास मारणारा विषारी गॅस असतो. तो काढायचं औषधी पाणी आणि बारीक नळ्यांची गाळणी आमच्या बोईसरच्या कारखान्यात बनते. ती चालते का, हे बघायला आम्ही चांगल्या गॅसात तो घाण गॅस थोडा मिसळतो, आणि परत धुऊन काढतो.

भिंतीपलीकडे दामूभाऊची वाडी. माझा शेजारीच तो. हे ऐकून म्हणाला, "आधी घाण करायची, मग धुवायची? घरी भांडी नाय का तुमाला?"

०

एकदा पाहुणे यायचे होते. आमच्यातल्या उमरोळीच्या सोमाने औषधी पाण्याची टाकी साबणाच्या पावडरीने घासली. गॅस धुवायचा टॉवर सुरू केला तर फेसच फेस! दूध उतू जावं तसा वरून बाहेर.

प्लांट सांभाळणाऱ्या मॅडम धावत आल्या. "हे काय केलंस?"

सोमा म्हणाला, "पण मॅडम, टाकीत तोंड दिसतंय बघा!"

०

गाळणीच्या नळ्या शेवयांसारख्या. तेल लागलं की बाद! म्हणून मॅडमनी सोमाला डोक्याला तेल लावून यायला बंदी केली. आठ दिवसांत त्याची बायको गेटवर हजर.

"काका, खरं सांगा. ह्यो केस भुरभुरे ठेवून कोणाला दाखवतोय?"

मी गाळणी दाखवली. तिने निरखून बघितली आणि म्हणाली, "हिच्यासाठी?"

०

मग एकदा घाण गॅसचा पाइप गळला. वास आला, आणि थोड्या वेळाने गेला. सोमा खुशीत ओरडला, "थांबलं!" इकडे मीटर बोंबलतोय. मॅडमनी सगळ्यांना गेटबाहेर काढलं, वॉल्व बंद करवला.

"वास नाही गेला, सोमा. नाक गेलं! हा गॅस जास्त झाला की नाक मरतं, आणि मग माणूस."

तेवढ्यात दामूभाऊ पाड्यातली माणसं घेऊन आला. "आणखी एक डाव वास आला तर गेटला टाळं लावीन!"

आमचे चेहरे उतरले. टाळं लागलं तर आम्ही जायचं कुठे?

मॅडमनी त्याला खुर्ची दिली. नाक कसं मरतं तेही समजावलं. "भाऊ, आमची नाकं सरावलीत. तुमचं ताजं आहे. मीटर आहेतच, पण रोज सकाळी तुम्ही वास घेऊन सांगाल?"

तेव्हापासून दामूभाऊ रोज भिंतीवरून ओरडतो. "हाय थोडा!" "काल परीस कमी!" टाळ्याचं नाव नाही.

०

परवा नवं औषधी पाणी भरलं. मीटर शून्यावर. काल भिंतीवरून आवाज नाही, आजही नाही. आम्ही आपले चहा पीत बसलो होतो.

दामूभाऊ अनवाणी धावत आला. धाप लागलेली, तोंडावर पंचा. एकेकाकडे बोट करून त्याने आम्हांला मोजलं. सोमा टॉवरमागे होता, तो येईपर्यंत थांबला.

मग पंचा काढून म्हणाला, "मेल्यांनो, वास नाय तर नाय, पण जिवंत हाव म्हणून सांगायचं तरी!"