थापडीचा वन्समोर

काल मालिकेत नवऱ्याने बायकोला थापड मारली आणि ती एकच थापड ढोल वाजवत तीनदा दाखवली. मी टीव्ही बंद केला, पण नाकात भाजलेल्या मिठाचा वास शिरला तो शिरलाच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सावली गावाजवळच्या आमच्या खेड्यात दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, नाटक आलं होतं. नाटकमंडळी गावात घरोघरी उतरायची. नायिका आमच्याकडे होती. नाटकात उलट बोलणाऱ्या बायकोला नवरा थापड मारतो. त्यावर सगळा शामियाना शिट्ट्यांनी दणाणला, आणि गाण्याला मागतात तसा लोकांनी थापडीला वन्समोर मागितला. नटाने परत मारली.

सकाळी चुलीपाशी बसून आई नायिकेचा गाल गरम मिठाच्या पुरचुंडीने शेकत होती. तिच्या कानामागे कालच्या नाटकाचा रंग तसाच होता.

"बाई, नाटकातली थापड खोटी रायते ना?" आईने विचारलं.

"पयली खोटीच होती. वन्समोरची खरी पडली. लोकायच्या शिट्ट्या आयकून त्याले जोर आला." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तुले आवडलं का नाटक?"

मी नऊ वर्षांची होते. "हो! मी बी वन्समोर ओरडली," मी ऐटीत सांगितलं.

ती हसायला गेली, पण गाल दुखला. आईने पुरचुंडी पुन्हा तव्यावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलंच नाही.

आता टीव्हीसमोर कोणाला ओरडावं लागत नाही. वन्समोर आधीच जोडून येतो.