पुरुषांच्या रकान्यातल्या म्हाताऱ्या

हिंदमाताचा चौक मागे पडला तरी अंबिकाचा राग काही मागे पडेना.

"कॉम्प्युटरवरची चकती आहे गो ती नुसती. पुरणपोळीएवढी. आत रंग भरलेत," ती म्हणाली. "आणि त्या रंगांत माझ्या सगळ्या म्हाताऱ्या बाप्ये झाल्यात!"

सुचित्राला हसू आलं.

"हस. तुला हसायला काय जातंय? मला आज त्या ध्रुव सरांसमोर बसायचंय."

सुचित्रा तिची शेजारीण, लालबागला एकाच चाळीत वरच्या मजल्यावर राहणारी. हे लिहिणारी तीच, पण गोष्ट तिची नाही, अंबिकाची आहे. दोघी बसनेच निघणार होत्या. पण परळचा पूल पाडल्यापासून बस कुठे जाऊन अडकेल याचा नेम नाही. स्टॉपवर उभं राहून कंटाळल्या आणि चालायला लागल्या. अंबिकाला शिवाजी पार्कला संस्थेच्या ऑफिसात पोचायचं होतं. एकटीला जायचं धैर्य होत नव्हतं, म्हणून सुचित्राला ओढून आणलं होतं.

अंबिका घाडी या बाईला लालबागमध्ये 'डबेवाल्या ताई' म्हणतात. सासरा कुशाबा गिरणीत होता, नवरा निलेश कुरिअरच्या गोडाऊनवर. स्वतः बारावीपर्यंत शिकलेली, मराठी शाळेत. मुलं मोठी झाल्यावर ती संस्थेच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटायला लागली. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या बायकांना दुपारचा डबा पोचवायचा, हे त्या संस्थेचं काम. पुढे डबे पोचवायचं काम हिच्याकडेच आलं, कारण कुठल्या खोलीत कोण आहे, कोणाला दात नाहीत, कोणाला तिखट चालत नाही, हे तिला पाठ. कोणाची भाजी मऊ शिजवायची, कोणाच्या दारात दोन मिनिटं बसायचं, कोणाला नुसती हाक मारून डबा ठेवायचा, ते तिने आपलं आपण ठरवून घेतलं होतं.

तिची चूक झाली ती याच मायेपायी.

नवीन माणसाचं कार्ड बनवायची वेळ आली की म्हातारी म्हणायची, "माझं नाव नको गं. मुलाचं घाल." का, ते अंबिकाला विचारावं लागायचं नाही. मुलगा डोंबिवलीला नाहीतर विरारला. आईला इकडची खोली सुटत नाही आणि त्याच्या तिकडच्या घरात जागा नाही. तो वाईट असतो असंही नाही. रविवारी येतो, औषधं आणतो. पण आईच्या नावावर संस्थेचा डबा आला, तर चाळीत उद्या काय बोलतील? मुलगा असून आईला फुकटचं खावं लागतं! मुलाच्या नावावर डबा आला तर कसं, त्याने लावून दिल्यासारखं दिसतं. अंबिकाला हे पटायचं. ती मुलाचं नाव घालायची, मुलाच्या आधार कार्डाची झेरॉक्स जोडायची. डबा म्हातारीच्या पोटात गेल्याशी मतलब.

तोवर सगळं कागदावर होतं. मग संस्थेने सॉफ्टवेअर घेतलं. कार्डावरचं नाव आणि धंदा आत गेला, आधारवरून वय गेलं, पुरुष की स्त्री तेही गेलं. अंबिकाच्या हातात एक टॅब आला. डबा दिला की बोट लावायचं, एवढं ती शिकली. रिपोर्ट म्हणून काही असतो आणि तो आपला आपण तयार होतो, हे तिला कोणी नीट सांगितलंच नाही.

"पूर्वी वर्षाला एक कागद जायचा देणगीदारांकडे," टिळक पुलाचा चढ चढताना ती धापा टाकत म्हणाली. "आमच्या संस्थेच्या सुरुची मॅडम लिहायच्या, वृद्ध महिलांना आधार. झालं. आता ते लोक तिकडे घरी बसून चकतीवर बोट ठेवतात. बोट ठेवलं की ती पाकळी बाहेर येते. आणखी एकदा ठेवलं की नावं. कोणीतरी ठेवलं बोट. काय निघालं? पुरुष, वय पंचेचाळीस, धंदा नोकरी. मेल आला मॅडमना, की आम्ही म्हाताऱ्या बायकांसाठी पैसे देतो, तुम्ही कमावत्या पुरुषांना जेवू घालताय. महिनाअखेर लालबागचे डबे बंद."

"मग सांगायचं ना खरं काय ते."

"सांगितलं की! सुरुची मॅडमनी फोनवर हात जोडले. ते म्हणाले, ठीक आहे, ज्याचा डबा त्याचं नाव घाला, त्याची सही घ्या. सगळ्यांची. मग बघू."

म्हणून गेला पंधरवडा अंबिका दारोदार फिरत होती. ज्या दारात डबा द्यायला जायचं, त्याच दारात कागद घेऊन जायचं. मीराबाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "आता या वयात कसली लाज, दे इकडे." आणि अंगठा उठवला. दुसऱ्या एकीने आधी मुलाला फोन लावून विचारलं आणि फोनवर दोघंही रडली. एकीने अंबिकाला तोंडावर सुनावलं, "तेव्हा तूच म्हणालीस काही बिघडत नाही. आता तूच पोलिसासारखी सही मागायला येतेस?" घरी येऊन अंबिकाने टॅबमध्ये नवीन नाव घालायला बसावं तर 'विभाग' निवडला की 'वय' पुसलं जाई, 'वय' घातलं की वरचं नाव लाल होई. दोनदा तर निलेशनेच टॅब काढून घेतला. म्हणाला, "जेव आधी. नायतर रागात हा आपटशील आणि पगारातून कापतील."

हळूहळू सगळ्यांच्या सह्या झाल्या. राहिल्या राधाबाई.

"काल पुन्हा गेले होते," अंबिका म्हणाली. दादरच्या फुलवाल्यांच्या गर्दीतून वाट काढताना तिचा आवाज चढला होता. "काय म्हणाली माहितीये? माजो झील माका जेवूक घालीत नाय, असा लिवन घेवचा हा तुका? मी म्हटलं, काकी, कोणी वाचत नाही हो, ते मशीनमध्ये राहतं. तर म्हणते, वाचूक नाय तर लिवतस कित्याक?"

राधाबाई सुचित्राच्याही ओळखीच्या. खालच्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली. त्यांचा झील, म्हणजे मुलगा बंडू, नालासोपाऱ्याला, सेल्समन, सज्जन माणूस.

"आणि डबा परत केला गो. झाकण न उघडता. म्हणाली, नाव बंडूचाच ऱ्हवांदे, नायतर तुझो डबो तुका ऱ्हवांदे. चार दिवस झाले, डबा घेतच नाही. काय खाते विचारलं तर म्हणते, पेज करतंय. तिच्याच्याने स्टोव्हपाशी उभं राहवत नाही, कसली पेज करतेय?"

ऑफिस शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर. ध्रुव सर म्हणजे तिशीच्या आतबाहेरचा मुलगा, संस्थेचे सगळे कॉम्प्युटर सांभाळणारा. उठून उभा राहिला, दोघींना पाणी दिलं. अंबिकाने पिशवीतून सह्यांचे कागद काढून टेबलावर ठेवले. एवढ्या उन्हातून आणले, पण एकाचाही कोपरा दुमडलेला नव्हता.

"ताई, भारी काम केलंत," तो म्हणाला. मग त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि त्याचाच चेहरा पडला. "पण एक प्रॉब्लेम झालाय."

चकतीच्या शेजारी आता खांब उभे होते, महिन्यामहिन्याचे. वर्षभर निळे, उंच. शेवटच्या महिन्यात निळा खांब एकदम जमिनीला टेकलेला आणि त्याच्या जागी गुलाबी उभा.

"हे काय?"

"तुम्ही नाव बदललं नाही ना ताई. जुनी एन्ट्री बंद केलीत, नवीन उघडलीत. म्हणजे सिस्टमच्या मते वर्षभर पुरुष जेवले, आणि मेल आल्याबरोबर ते सगळे गायब झाले, आणि तेवढ्याच बायका हजर झाल्या."

अंबिका बघतच राहिली. "म्हणजे मी आता चोर दिसते?"

"तसं नाही..."

"तसंच आहे! खरं लिहिलं नव्हतं तेव्हा चालत होतं. खरं लिहिलं तर बनवाबनवी दिसते. तुमचं ते मशीन खोटं बोलतंय सर."

"ताई, ते खोटं नाही बोलत," ध्रुव हळूच म्हणाला. "आपण जे भरलं तेच दाखवतंय."

यावर तिला राग यायला हवा होता, आला नाही. कारण ते खरं होतं, आणि भरणारी तीच होती.

ध्रुवने वाट काढली. जुन्या आणि नव्या एन्ट्री एकमेकींना जोडायच्या, म्हणजे मागचं वर्षही त्या बाईच्याच नावावर लागेल. तो एकेक नाव उघडत गेला, ती सही दाखवत गेली. मध्येच इंटरनेट गेलं, पुन्हा पहिल्यापासून. मध्येच मीराबाईंना दुसऱ्याच घरचा मुलगा चिकटला, तो सोडवला. सुचित्रा भिंतीवरच्या गणपतीकडे बघत मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हणत बसली. दुसरं करण्यासारखं तिला काही नव्हतं. दुपार कलली तेव्हा चकती जवळजवळ सगळी गुलाबी झाली. एक निळी रेघ तेवढी उरली, सुरीने कापल्यासारखी.

ध्रुवने त्यावर बोट ठेवलं. बंडूचं नाव वर आलं.

"हे?"

"सही नाही देत," अंबिका म्हणाली.

"मग हे ठेवता येणार नाही ताई. तो देणगीदार पहिलं बोट इथेच ठेवणार. एका नावापायी सगळ्यांवर शंका. हे बंद करा, बाकीच्यांचे डबे चालू राहतील असं मॅडम म्हणाल्यात. तुमच्या लॉगिननेच बंद करावं लागेल."

त्याने टॅब पुढे केला. 'सेवा बंद' वर तिने बोट ठेवलं तर यादी उघडली. बंद करण्याचं कारण निवडा. मृत्यू. स्थलांतर. गरज उरली नाही. इतर.

अंबिका ती चार कारणं परत परत वाचत बसली.

"यातलं कुठलं घालू सर? मेली म्हणू?"

"इतर घाला ना."

इतर घातलं. खाली रिकामी चौकट उघडली आणि काहीतरी लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देईना. अंबिकाने बराच वेळ बोट वर धरलं. मग तीन टिंबं टाकली. मशीनला तीन टिंबं पुरली. निळी रेघ गेली, चकती गोल गुलाबी झाली, आणि ध्रुव खुशीत म्हणाला, "हंड्रेड पर्सेंट, ताई!"

बाहेर आल्यावर ती पार्काच्या कट्ट्यावर मटकन बसली. मैदानात नेटमध्ये पोरांची प्रॅक्टिस चालली होती, कट्ट्यावर पेन्शनर मंडळी जमायला लागली होती. लालबागचे डबे वाचले होते. सुरुची मॅडमचा फोनही येऊन गेला, शाबासकीचा. तरी हिचं तोंड कडू.

"एवढा आटापिटा केला तो कोणासाठी?" ती म्हणाली. "म्हाताऱ्यांना जेवण मिळावं म्हणून ना? आणि त्यातलीच एक मी स्वतःच्या बोटाने पुसून आले. अशी चीड आलीय ना सुचित्रा, की त्या राधाबाईला धरून हलवावंसं वाटतं. बाई गं, एक अंगठा! एका अंगठ्याने काय तुझा मुलगा वाईट ठरत होता?"

"तिला तसं वाटलं."

"वाटलं ना. मलाही पूर्वी वाटायचंच, म्हणून तर मुलांची नावं घातली." ती कट्ट्यावरच सुचित्राकडे पूर्ण वळली. "ऐक. डबा मी माझ्या घरातून भरीन. संस्थेचा नाही, माझा. आम्ही चौघं जेवतो त्यात एक पान काही जड नाही. पण माझ्या हातून ती आता पाणीसुद्धा घेणार नाही. मी दारात दिसले की तिला कागद दिसतो."

"मग?"

"तुझ्याकडे रोज देवाला नैवेद्य असतो, सगळ्या चाळीला माहितीये. मी सकाळी डबा तुझ्याकडे आणून देईन. कांदा-लसूण घालणार नाही. तू तो देवापुढे ठेव, पाणी फिरव. म्हणजे तुला खोटं बोलावं लागायचं नाही, तो प्रसादच होईल. प्रसादाला ती नाही म्हणायची नाही. माझं नाव काढू नकोस, संस्थेचं काढू नकोस. आणि हे बघ, दारातून ठेवून येऊ नकोस हां. आत जा, तिच्याजवळ बस, ती जेवेपर्यंत. उद्यापासून नेशील, गो?"