बुवाले की बुवांना

आमच्या प्रांतातल्या भजनी मंडळांच्या महामंडळाचा जो एकमेव छापील इतिहास आहे, तो मी लिहिलेला आहे. पातळशी पुस्तिका आहे, कंटाळवाणी आहे, पण बहुतेक खरी आहे. एक वाक्य मात्र धडधडीत खोटं आहे आणि ते माझ्याविषयी आहे. ते तिथे कसं आलं, हे सांगायची आजवर लाज वाटली. अजूनही वाटते.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. साखरखेर्ड्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. गावात भजनी मंडळ म्हणजे दहाबारा माणसं, एक पखवाज, टाळ आणि एक पेटी. पेटी मी वाजवायचो, कारण मी शाळामास्तर होतो आणि मास्तरला सगळंच येतं अशी गावाची समजूत होती. गायचे ते बुवा. त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. मोट हाकताना ते गायचे, आणि विहिरीवरून पलीकडच्या शिवारात आवाज पोचवायची सवय लागल्यामुळे त्यांचा गळा उंच चढलेला होता. पेटीवर मी त्यांच्यासाठी पांढरी पाच धरायचो. ज्यांना पेटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाण्याचा सा पेटीच्या कोणत्या पट्टीवर धरला, यावर गाणं उंच होणार की खालचं, ते ठरतं. पांढरी पाच पुरुषाच्या गळ्याला चांगलीच उंच. काळी एक खालची, बेताच्या गळ्याच्या माणसांची. म्हणजे माझ्यासारख्यांची.

महामंडळ निघालं ते अकोल्या-नागपूरकडच्या काही उत्साही मंडळींमुळे. गावोगावची मंडळं आपापल्या देवळात बसून आपलंच भजन खरं म्हणत होती, त्यांना एकत्र आणायचं ठरलं. नियम झाले, भजनांची यादी झाली. पहिल्या वर्षांची टिपणं मी वाचली आहेत. टाळ केवढे असावेत, चहा भजनाआधी की भजनानंतर, यावर तावातावाने वाद झाले. फेट्याच्या रंगाने दोन बैठका खाल्ल्या आणि शेवटी पांढरा ठरला, जो सगळ्यांच्या घरी आधीपासून होताच.

मग खामगावला मोठा मेळावा भरवायचं निघालं. जबलपूरपासून मेहकरपर्यंतची सगळी मंडळं एका मांडवात उभी राहून एकच गजर म्हणणार. त्याच्या तयारीच्या बैठकीला बुलढाणा जिल्ह्याचा प्रतिनिधी म्हणून मला बोलावणं आलं. निघायच्या आदल्या दिवशी बुवा शाळेत आले. शेजारच्या चार गावांपलीकडे ते कधी गायले नव्हते. खामगावला गाणार, हे त्यांनी सगळ्या बाजारात सांगून टाकलं होतं.

"मास्तर, पट्टीचं तेवढं पाह्यजो," ते म्हणाले. "खाली धरली तं मले गाताच येत नाही. आवाजच निघत नाही माहा."

"पाहतो ना बुवा. सांगतो मी त्यायले."

बैठक एका शाळेत होती. सकाळी तहान लागली म्हणून मी म्हणालो, "मले जराक पाणी द्या." शेजारी पुण्यात शिकलेले एक गृहस्थ बसले होते. ते पलीकडच्याला हळूच म्हणाले, "मले! काय गोड बोलतात हो!" दोघं हसले. त्यात कुचकेपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, कारण कुचक्या माणसाला उत्तर देणं मला चांगलं जमतं. या कौतुकाला काय उत्तर देणार? माझे कान तापले. वर्गात 'मले' म्हणणाऱ्या पोरांच्या हातावर मीच छडी मारत होतो. 'मला म्हण, मला!' आणि घरी जाऊन बायकोला म्हणायचो, 'मले भाकर दे.'

दुपारी पट्टीचा विषय निघाला. अध्यक्ष म्हणाले, "काळी एक सर्वांना सोयीची पडेल. कुणाची काही अडचण?"

माझं वाक्य तयार होतं. आमच्या बुवाले हे जमणार नाही. ते जिभेवर आलं आणि मी थांबलो. बुवाले नाही, बुवाला. पण वडील माणूस, म्हणजे बुवांना. आमच्या बुवांना ही पट्टी... जमणार नाही की झेपणार नाही? मी मनातल्या मनात शुद्धलेखन तपासत बसलो. मान वर केली तेव्हा अध्यक्षांनी 'काळी एक, सर्वानुमते' असं लिहून घेतलं होतं आणि मांडव कुठे घालायचा यावर बोलणं चालू होतं.

तेव्हाही हात वर करता आला असता. बैठक आणखी दोन तास चालली. मी मूग गिळून बसलो, चहा प्यायलो. आणि आता लिहितोच आहे तर हेही लिहितो, काळी एक ऐकून मला आतून जरा बरंही वाटलं होतं. या पट्टीत मलाही गाता येणार होतं.

परत येताना बुवांचा मळा वाटेवरच लागायचा. मला पाहून त्यांनी मोट थांबवली.

"काय झालं, मास्तर?"

"काळी एक ठरली."

"तू बोल्ला नाही?"

"बोल्लो ना, बुवा. लय भांडलो. आयकलं नाही त्यायनं."

खोटं बोलताना मात्र वऱ्हाडी झरझर आली. मला वाटलं होतं, ते हिरमुसतील. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "माह्यासाठी भांडला? तेवढ्या मोठ्या लोकाइत?" संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाला कळलं. दुसऱ्या दिवशी पारावरची माणसं मला पाहून उठून उभी राहिली.

पुढचा महिनाभर बुवा काळी एकमध्ये गायला बसले. गजराची खालची ओळ आली की त्यांचा आवाज विझायचा, नुसती हवा निघायची. ते घसा खाकरून पुन्हा सुरू करायचे. एकदा मला राहवलं नाही. "बुवा, तुमी नका येऊ खामगावले. दुसरं कोणी म्हणीन," असं मी म्हणालो.

"येत नाही कसा? तू भांडला अन् मी घरी बसू?"

म्हणजे ते आले तेही माझ्या खोट्यावर विसंबून.

मेळावा जिनिंगच्या आवारात झाला. हंगाम संपला होता, तरी पत्र्यांच्या कडांना कापूस चिकटलेला होता. पेटीवाले पुढे बसले होते, गाणाऱ्यांकडे तोंड करून, त्यामुळे बुवा मला समोरच दिसत होते. गजर सुरू झाला. बुवांचं तोंड सगळ्यांबरोबर उघडत होतं, मिटत होतं. टाळ अगदी ठेक्यात पडत होते. पण बुवा खरोखर गायला लागले की त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगतात, हे मी इतकी वर्षं पाहत आलो होतो. त्या दिवशी मान सपाट होती. मी पेटीकडे खाली पाहिलं आणि गजर संपेपर्यंत मान वर केली नाही.

मांडवाबाहेर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "माह्यामुळं काही बिघडलं नाही ना?"

"नाही, बुवा."

बऱ्याच वर्षांनी महामंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. तोवर माझी भाषा इतकी सुधारली होती की कुणी हसत नव्हतं. मेळाव्याबद्दल मी लिहिलं, 'शेकडो कंठांतून एकच स्वर निघाला.' छापायला पाठवण्याआधी ते बुवांना वाचून दाखवायला मळ्यात गेलो. का गेलो? कबूल करायला गेलो होतो, असं मी स्वतःला सांगतो. खात्री नाही.

"हाव, बराबर हाय," ते म्हणाले. "मी आवाज काढलाच नोता. पण तू भांडला ते काऊन नाही लेह्यलं?"

"राहू द्या, बुवा."

"काऊन राहू देऊ? माह्यं काही नको टाकू. पण गावाचा मास्तर नागपूरवाल्याइपुढं बोल्ला, हे पोराइले समजलं पाह्यजे. लेह्य."

तेव्हा सांगता आलं असतं. बुवा शेजारी उकिडवे बसून माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहत होते. मी लिहिलं, 'बुलढाणा जिल्ह्याच्या प्रतिनिधींनी या पट्टीस ठाम विरोध नोंदवला.' विरोध बुवांनी लिहायला लावला. 'ठाम' मी आपण होऊन घातलं.

पुढे प्रांतच मोडला. वऱ्हाड इकडे आला, जबलपूर तिकडे राहिलं आणि महामंडळ विरून गेलं. पुस्तिका उरली. बुवांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी आपली प्रत कोनाड्यात टाळांशेजारी ठेवली होती. लिहिता-वाचता येणारा कुणीही पाहुणा आला की ते पान उघडून द्यायचे. सारखं उघडून ते पान मऊ पडलं होतं.

ते अंथरुणाला खिळले तेव्हा भेटायला गेलो होतो. धाडहून त्यांचे व्याही आले होते. बुवांनी कोनाड्यातून पुस्तिका काढायला लावली. व्याह्यांनी चष्मा आणला नव्हता. त्यांनी पान जवळ धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं.

"मास्तरपाशी दे," बुवा म्हणाले. "वाच रे. तूच वाच."

मी वाचलं. मोठ्याने, शुद्ध, कुठेही न अडखळता.

"आता आयका," बुवा व्याह्यांना म्हणाले, "हाच तो." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अजून एक बार वाच, मास्तर."

मी पुन्हा वाचलं.