हॉलमधला खुंटा

नवा सोफा घरात येऊन महिना झाला नव्हता, तोवर आमच्या मांजरीनं त्याच्या उजव्या हातावरचं कापड दोऱ्यादोऱ्यांनी बाहेर काढलं होतं. नवऱ्यानं जाहीर केलं, "महिन्याच्या शेवटच्या रविवारी गावी आष्ट्याला जाणार आहे. तेव्हा हिला शेतावर सोडतो." मांजरी सांगलीत तिसऱ्या मजल्यावर वाढलेली आणि शेतावर तीन कुत्री. तिथं ती एक दिवसही टिकणार नाही हे त्यालाही कळत होतं. मी ते बोलून दाखवलं की तो पेपर तोंडासमोर धरायचा.

मी प्रयत्न केले नव्हते असं नाही. काथ्या गुंडाळलेला खांब मागवला होता. ती सोफ्याला नखं मारताना दिसली की मी तिला उचलायचे आणि तिचे पंजे धरून खांबावर घासायचे. परिणाम एवढाच झाला की खांब दिसला तरी ती पलंगाखाली पळायची. शेवटी आल्यागेल्याला दिसायला नको म्हणून तो मी मागच्या गॅलरीत झाडूशेजारी ठेवून दिला.

त्याच दिवसांत सासरे मिरजेत मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आमच्याकडे आले होते. त्यांना मी मामा म्हणते. जन्म उसात आणि बैलांत गेलेला माणूस. आता वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, म्हणून काळा चष्मा लावून हॉलमध्ये बसून असत. दोन दिवस ते नुसते मांजरीकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "पोरी, ती मस्ती करत न्हाई. झोपून उठली की आंग तानती, मग नखं वडती. आन मानसं बसत्यात तितंच. तुजा खांब गॅलरीत. तिकडं कोन जातंय?"

आम्हा दोघांच्या चार डोळ्यांना महिनाभर जे दिसलं नव्हतं, ते या माणसाला दोन दिवसांत एका डोळ्यानं दिसलं होतं.

खांब हॉलमध्ये आला. मामांनी तो हलवून पाहिला. "खुंटा हालला की जनावर बुजतं." मी सुताराकडून त्याच्या खाली जड फळी ठोकून आणली. खांब सोफ्याला लागून उभा राहिला आणि गावाकडून शेंगा भरून आलेलं खताचं रिकामं पोतं सोफ्याच्या फाटक्या हातावर चढलं, कारण गुळगुळीत प्लॅस्टिकमध्ये नखं रुतत नाहीत. नवऱ्याच्या ऑफिसातल्या साहेबांनीही त्या पोत्यावर कोपर टेकून चहा घेतला.

पंजे धरायला मामांनी मला सक्त मनाई केली. मांजरी उठली की ते खांबापाशी खुर्ची ओढायचे आणि आपल्या जाड नखांनी काथ्या खरवडायचे. खर्र, खर्र. तिला बोलवायचं नाही, तिच्याकडे बघायचंही नाही. दिवसातून पाच-सहा वेळा हे चालायचं. नवरा हसायचा. मलाही हसू यायचं, पण मनातून मी या म्हाताऱ्यावर फिदा झाले होते. आपण कसे दिसतोय हा विचार त्यांच्या डोक्यात येतच नसे.

दुसऱ्या आठवड्यात ती खांबाचा वास घेऊन गेली. मग काहीच नाही. शेवटच्या रविवारी सकाळी नवऱ्यानं भोकं पाडलेलं खोकं दारात आणून ठेवलं. मामा खुर्चीत होते, बोटं काथ्यावर. मांजरी सोफ्यावरून उतरली, पाठ ताणली, पोत्याकडे एकदा पाहिलं आणि मागच्या पायांवर उभी राहून मामांच्या बोटांखालीच काथ्यात नखं रोवली. मला रडूच आलं. मामा एवढंच म्हणाले, "हां. आसं."

नवऱ्यानं गुपचूप खोकं माळ्यावर टाकलं. तोवर मामा आत जाऊन आपली पिशवी भरून घेऊन आले. "गाडी जातीयाच तर मला सोड घरी."

"अहो मामा, अजून थोडे दिवस राहा की," मी म्हटलं.

"डोळा बरा हाय, पोरी. इतकं दिस हिच्यामुळं करमलं. आता हितं मला काय काम?"

तीन आठवडे आम्ही त्यांना वेळेवर जेवण दिलं, डोळ्यात थेंब घातले, टीव्ही लावून दिला. काम मात्र त्यांना फक्त मांजरीनं दिलं होतं.

गाडी गेली. दुपारी मांजरी झोपून उठली, खांबापाशी आली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत बसली. मी खुर्चीत बसले आणि नखांनी काथ्या खरवडू लागले.