शेळी पकडायचा कॅमेरा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे कॅमेरा बघायला गेलो. देवदर्शनाला न्यायला नाही की नातवंडांचे फोटो काढायला नाही. शेळी पकडायला.

मखमलाबादच्या अंगाला आमचा शेवंतीचा तुकडा आहे. कुंपणापलीकडे शेजारीण राहते आणि तिची एक शेळी. ही शेळी सकाळी सकाळी कुंपणातून शिरते आणि कळ्या अशा निवडून खाते, जशी काही तिलाच हारांची ऑर्डर आहे. बायको दगड घेऊन धावायची, शेळी पळायची, आणि मग कुंपणावर दोघी बायकांची जुंपायची. शेजारणीचं म्हणणं एकच, आमची शेळी तुमच्याकडं जातच नाही, दुसऱ्या कुणाची असंल. आता आमच्या अख्ख्या आळीत शेळी एकच. पण कबूल करील तर ती शेजारीण कसली.

बायकोनं पुरावा म्हणून मोबाइलवर फोटो काढला. लांबून काढला तर शेळी उंदराएवढी आली. जवळ गेली तर शेळी थांबेना. शेजारणीनं तो फोटो नाकाला लावून बघितला आणि सांगितलं की हा दगड आहे.

त्या दिवशी बायकोनं ठरवलं, फोटो काढायला रीतसर शिकायचं.

आमच्याकडे एक रिटायर झालेल्या मॅडम देवळाच्या हॉलमध्ये रविवारी फोटोग्राफीचा क्लास घेतात. हिनं नाव घातलं. मी चौथी शिकलेलो, ही दुसरी, म्हणजे घरात विद्वान मी. मी म्हटलं, या वयात पोरींच्या मांडीला मांडी लावून बसणार का? ती म्हणाली, तुमच्या मांडीला मांडी लावून काय शिकले? पहिल्या दिवशी मॅडमनी एकेकीला विचारलं, कशाचे फोटो काढायला आवडतील? कुणी डोंगर म्हणालं, कुणी पक्षी म्हणालं. ही म्हणाली, शेळी.

मॅडम बाई भली. म्हणाली, नवीन घेऊ नका, शिकायला जुना चांगला. वरती फिरवायची चकती असेल आणि तिच्यावर एम लिहिलेलं असेल असा बघा. काचेच्या आत बुरशी नाही ना ते उजेडात धरून बघा. आणि आतापर्यंत त्यानं किती फोटो काढलेत ते विचारा, कारण कॅमेरा झिजतो. हे सगळं हिनं आरतीसारखं पाठ केलं आणि रिक्षात मला म्हणून दाखवलं, दोनदा.

मेन रोडच्या मागच्या गल्लीत जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा. त्यानं दोन कॅमेरे काढले. एक लहान, खिशात मावणारा, पण लांबचं जवळ दाखवणारा. दुसरा मोठा, काळा, वजनाला भरलेल्या तांब्याएवढा, तो जवळचंच नीट काढायचा. चकती दोघांनाही होती. बायकोनं खात्री करून घेतली. एम तिला वाचता येत नव्हता, पण दोन डोंगरांसारखा असतो हे मॅडमनी सांगून ठेवलं होतं.

मी म्हटलं, आता तू बाजूला हो, जनावर मी पारखतो. घोटीच्या बाजारातून मी बैल आणि म्हशी आणल्या आहेत. मी लहान कॅमेरा उजेडात धरला आणि दुकानदाराला सांगितलं, याच्यावर भुरी आलीय. आमच्याकडे द्राक्षाला येते ती पांढरी भुरी, मी जन्मभर बघितलीय. दुकानदारानं फडक्यानं काच पुसली. भुरी गेली. माझ्याच बोटाचा चुना होता तो. मग मी विचारलं, कितव्या वेताचा आहे? तो बायकोकडे बघायला लागला. ती म्हणाली, फोटो किती काढलेत ते विचारतायत.

भाव ठरवायची वेळ आली तसा मी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या हातावर टाकला. बैलबाजारात सौदा असाच होतो. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबायची. जितकी बोटं तितके हजार, आणि आजूबाजूच्याला पत्ता नाही. मी त्याची दोन बोटं दाबली. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी दाटून आलं. त्यानं आपुलकीनं माझा अख्खा पंजा दोन्ही हातांत धरला. म्हणजे सौदा पाचावर गेला. मी तीन दाबली, तर त्यानं दुसऱ्या हातानं माझी पाठ थोपटली.

बायको स्टुलावर बसून डोळे पुसत होती, इतकी हसली. मीही हसलो. मी सहसा फोटोत हसत नाही, फोटोबाहेरही बेतानंच.

हे सगळं चालू असताना ती दोन्ही कॅमेरे घेऊन चटचट काहीतरी दाबत होती. दुकानदारानंच कार्ड घालून दिलं होतं, वापरून बघा म्हणून. आता कुठला घ्यायचा? मी म्हटलं, लहान घे. ओट्यावर बसल्या बसल्या शेळी सापडंल, आणि स्वस्तही आहे. ती दोन्ही हातांत दोन धरून तोलत राहिली. हार ओवताना सुई टोचते म्हणून तिच्या डाव्या हाताच्या बोटाला कायम हिरवी चिंधी असायची. बाजारात, लग्नात, तशीच. त्या चिंधीनं ती मोठ्या कॅमेऱ्याची पाठ पुसत होती.

"उद्या सांगते," ती दुकानदाराला म्हणाली. "तवर दोन्ही कुणाला दाखवू नका."

रिक्षात मी विचारलं, घरी विचारलं, जेवताना विचारलं. उद्या सांगते, उद्या सांगते. तिला मला टांगून ठेवायला आवडायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती फुलं तोडायला उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेली. त्याहून जास्त मला लिहिता येत नाही, आणि आलं असतं तरी लिहिलं नसतं.

सगळ्यात जास्त शेजारीण रडली. आता मी कुणाशी भांडू, म्हणाली. लेक चांदवडहून आली, राहिली, गेली. शेजारीण रोज भाकरी आणून द्यायची. शेळीही रोज यायची. आता तर दगड मारणारं कुणी नव्हतं, त्यामुळे ती बसून खायची.

एक दिवस मॅडम आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, क्लासमधली त्यांची जागा रिकामी आहे, दुसऱ्या कुणाला दिली तर चालेल का? मी म्हटलं, नाही चालणार, मी बसतो. मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं, जशी मला भुरी आलीय. मग म्हणाल्या, या, पण कॅमेरा लागेल.

ते मलाही माहीत होतं. पण कुठला? तिनं सांगितलंच नव्हतं. माझ्या मनानं घेतला असता तर लहान घेतला असता. पण तिच्या जागेवर बसून माझ्या मनाचा कॅमेरा धरायचा, हे काही पटेना. या एका गोष्टीनं मला झोप येईना. बाई जाते ती जाते, वर कोडं घालून जाते.

शेवटी दुकानात गेलो. दुकानदारानं माझ्या मागं दारात बघितलं. "मावशी नाही आल्या?"

"वारली. कॅमेरे काढा."

त्यानं चष्मा कपाळावरून खाली आणला, पुसला, परत कपाळावर ठेवला. दोन्ही कॅमेरे आतल्या कपाटात एका पिशवीत होते. सांगितल्याप्रमाणं त्यानं कुणाला दाखवले नव्हते. कार्डंही तशीच.

आधी लहान चालू केला. त्यात फोटो एकच. मी हसतोय, अर्धाच, कारण उरलेल्या अर्ध्यावर तिचं बोट आलेलं. मोठं, धुरकट बोट आणि त्याची हिरवी चिंधी. दुकानदार म्हणाला, लहान कॅमेऱ्यात नवख्या माणसाचं बोट येतंच, हा पुसून टाकू. मी म्हटलं, तुझं दुकान पुसून टाकीन. घाईत अहो-जाहो राहून गेलं.

मग मोठा चालू केला. तो दाबत गेला आणि मी बघत गेलो. भुरी शोधताना मी. वेत विचारताना मी. टॉवेलखाली हात घालून चोरासारखा मी. माझी टोपी. माझा कान, नुसता कान. एकात दुकानदाराचं कोपर होतं, पण त्याच्याही मागं मीच. किती होते कोण जाणे, संपेनातच. एकातही बोट नाही. आणि शेळीसाठी आलेल्या बाईनं लांबचं काहीच काढून बघितलं नव्हतं.

"मोठा द्या," मी म्हणालो.

दुकानदारानं भाव सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यानं माझ्या खांद्यावरचा टॉवेल स्वतःच ओढून आपल्या हातावर टाकला. मी दोन बोटं दाबली. यावेळी त्यानं पंजा धरला नाही. तीन दाबली. ठरलं. बोटाचा तो फोटो त्यानं वर फुकट कागदावर काढून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेळी आली. मी कॅमेरा गळ्यात घालून वाफ्यात गेलो. मी तिला कधी दगड मारला नव्हता, त्यावरून घरात बोलणीही खाल्ली होती. त्यामुळे ती काही पळाली नाही. मी हातभर अंतरावर गेलो तरी खातच राहिली, वर बघून खात राहिली. खिडकीच्या गजाला बायकोची चिंधी लटकत होती ती मी बोटाला गुंडाळून आणली होती. मोठ्या कॅमेऱ्यात बोट आपोआप येत नाही, मुद्दाम वाकडं करून आणावं लागतं. आणलं. दाबलं. मग शेळीला बायकोचीच एक शिवी देऊन हाकललं आणि तसाच शेजारणीच्या दारात गेलो.

तिनं पिठाचे हात पुसले आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर फोटो बघितला. यावेळी नाकाला लावायची गरज पडली नाही. शेळीच्या तोंडात अख्खं फूल होतं.

"आमचीच हाय," शेजारीण म्हणाली. मग बराच वेळ बघत राहिली. "पन भाऊ, हे कोपऱ्यात हिरवं काय?"

"साक्षीदार," मी म्हणालो, आणि परत आलो. फुलं तोडायची राहिली होती.