बिळातली ज्वारी

सुंदरबाईची मला किळस यायची, हे आधीच सांगून टाकतो. सन बावीस साली साक्रीकडच्या एका खेड्यात मी मास्तर म्हणून गेलो, तिथं ती गावाच्या टोकाला एकटी राहायची. नवरा प्लेगात गेलेला, वावर नाही. ज्वारीची कापणी आटोपली की ही बाई कुदळ घेऊन उंदरांची बिळं खणायची. उंदरांनी आत साठवलेली कणसं टोपलीत भरायची; मुतानं ओली, कुरतडलेली, कधी मेलेल्या पिलासकट. तीच धुऊन, वाळवून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत खायची. बिळातलं धान्य खणणाऱ्याचं, असा गावचा रिवाज होता. शेतमालकानं त्याला हात लावायचा नाही.

वाटेत भेटली की मी नाक दाबायचो. पण कोणत्या बिळात शेरभर आहे आणि कोणत्यात नुसती पिलं, हे ती न खणता सांगायची. एकदा मी विचारलंच, की या वावरात उंदीर असतील तरी किती? दोनशे, ती म्हणाली, आणि त्यांच्यावर जगणारी धामण एकच.

“एवढ्या उंदरांवर एकच?”

“खादेल बठ्ठं अंगले थोडंच लागस, मास्तर? उंदीर दिनभर पयस. पयामाच जास.”

खाल्लेलं सगळं पळण्यातच जातं म्हणे! म्हणजे ज्वारीनं ऊन खाल्लं, त्यातलं थोडं उंदराच्या अंगी लागलं, आणि धामणीपर्यंत पोचलं ते चिमूटभर. माझ्या पुस्तकात हे नव्हतं, आणि असल्या बाईकडून शिकायची मला लाज वाटली.

पुढच्या पावसाळ्यात उखर्डू पाटलांची एक म्हैस आटली. सात महिन्यांची गाभण म्हैस आटेल नाही तर काय करेल? पण गोठ्यामागं धामण दिसली, आणि झालं! धामण म्हशीच्या पायांना वेटोळं घालून दूध पिते, हे तिथं शेंबडं पोरही सांगेल. माणसं काठ्या घेऊन बांधाबांधावर हिंडली. सोळा धामणी मारून चावडीपुढच्या निंबावर टांगल्या. तीन दिवस घाण सुटली होती, आणि तिच्याखाली बसून लोक खुशाल तंबाखू मळत होते.

सुंदरबाई चावडीवर येऊन ओरडली, “तिले उंदीर काय कमी शेतस का, म्हैसनं दूध पेवाले?”

पाटील हसले. “आमना वावरमा उंदीर वाढतीन तर तुनीच टोपली भरी ना!”

“इतला वाढनात तर बठ्ठं खाई टाकतीन. मंग बीळमा काय ठेवतीन?”

पाटील माझ्याकडं वळले. “मास्तर, तुमनं पुस्तक काय म्हनस?”

सापाला दूध ओढता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पाटलांच्या दुसऱ्या म्हशीचं अर्धा शेर दूध माझ्या घरी रोज फुकट यायचं. मी म्हणालो, “असेलही.” थू त्या जिभेवर!

त्या हंगामात उंदरांनी उभी कणसं कापली. हाती आला तो नुसता कडबा. मग पाटलांनी दवंडी पिटवली, की यंदा बिळातलं धान्य शेतमालकाचं. जो तो खणत सुटला आणि दिवसभर पिलांचे गुलाबी गोळे उपसत बसला. भरलेली बिळं मोजकीच होती, आणि ती एकट्या सुंदरबाईलाच कळत होती. दवंडी ऐकूनही तिनं ती खणली आणि दोन टोपल्या भरल्या. पाटलांनी तिला बांधावरच अडवलं.

“बीळमानं खणणारनं. रिवाज शे, भाऊ,” ती म्हणाली.

“पोट भरेल व्हतं तवयना रिवाज तो.”

“मंग आते मी काय खाऊ?”

पाटलांची माणसं पुढं झाली. टोपल्या तिच्या हातातून ओढल्या, तेव्हा तिनं आळीपाळीनं सगळ्यांकडं पाहिलं, माझ्याकडंही. होळीच्या आधीच ती गाव सोडून गेली. भुसावळला रेल्वेच्या मातीकामावर दिसली, असं कुणीतरी म्हणालं.

टोपल्यांतली ज्वारी मापून वाटायला लिहिणारा माणूस हवा, म्हणून मला बोलावलं होतं. ज्यांचं वावर, त्यांचीच नावं मी यादीत घातली. तिच्या नावावर वावर नव्हतं, म्हणून ती यादीत नव्हती. वावर माझ्याही नावावर नव्हतं. तरी मापण्याबद्दल मला दोन शेर दिले, आणि मी ते पंच्यात बांधून घरी नेले.